गाणाऱ्याचं मौन

लोक मला विचारतात, "घरीसुद्धा गायचे का हो ते?" विचारताना त्यांचे डोळे असे होतात, जणू आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ मैफल असायची आणि मी भाकरी थापता थापता डोलत असायचे. घरी तो झोपायचा. उठला की डोकं धरून बसायचा, लिंबूपाणी मागायचा आणि घरात लिंबू नसलं की माझ्या माहेराचा उद्धार करायचा. गाणं बाहेरच्यांसाठी होतं. घरच्यांसाठी खोकला होता.

आमच्यात नवऱ्याला 'हे' म्हणायची रीत आहे. तोंडावर मी ती पाळली, 'अहो'शिवाय हाक मारली नाही. लिहिताना मात्र मी 'तो' लिहिणार. एवढी मोकळीक मी कमावलेली आहे.

त्याच्यावर अधूनमधून पेपरात छापून येतं. मराठवाड्याचा बेभान आवाज, काळाच्या पुढचा गायक, आणखी काय काय. आणि शेवटी ठरलेलं वाक्य असतं की दुष्काळात गल्लीला पाणी मिळावं म्हणून या कलावंतानं आपला गळा पणाला लावला. हे वाचलं की माझं डोकं फिरतं. पाण्यापायी गळा खराब झाला, हे खरं आहे. पण आवाज कायमचा गेला तो पाण्यापायी नाही. तो कसा गेला ते मी चार हातांच्या अंतरावर उभी राहून पाहिलंय. मला कुणी विचारलं नाही, म्हणून न विचारताच सांगते.

माझे सासरे लातूरच्या मोंढ्यातले, धान्यबाजारातले, लिंगायत आडत्ये. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, धोतर असं पांढरं की मिरचीच्या पोत्यांमध्ये बसूनही त्यावर डाग दिसायचा नाही. घरात त्यांना सगळे अप्पा म्हणायचे आणि सासूबाईंना अव्वा. अप्पा दर सोमवारी मठात भजनाला जायचे. सोबत पोराला न्यायचे. पोराचा आवाज लहानपणीच असा होता म्हणे, की त्यानं शिवाचं नाव घेतलं की मठाच्या बाहेर चपला काढत असलेली माणसं थांबायची. अप्पा शेजारी बसून टाळ वाजवायचे. हे मला अव्वांनी सांगितलं, डोळ्यांना पदर लावून. मी म्हटलं, मग पुढं काय माशी शिंकली?

माशी नांदेडला शिंकली. बी.कॉम.साठी त्याला मामाकडं नांदेडला ठेवलं. तिथं रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या एका गिटारवाल्या पोराशी त्याची गट्टी जमली. त्या पोराकडं हैदराबादहून आणलेल्या इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटी होत्या. दार लावून दोघं दिवसदिवस त्या ऐकायचे. शब्द दोघांनाही कळत नव्हते. पण माणूस असा जीव तोडून ओरडू शकतो आणि लोक त्याला गाणं म्हणतात, हे त्याला तिथं कळलं. बी.कॉम. राहिलं ते राहिलंच. तो परत आला तेव्हा केस खांद्यापर्यंत होते आणि गळ्यात मठातलं भजन आणि त्या कॅसेटींमधला आकांत एकमेकांत कालवून बसलेला होता.

त्या काळी ऑर्केस्ट्रातला प्रत्येक गायक कुणाचा ना कुणाचा 'आवाज' असायचा. सिनेमातल्या मोठ्या गायकाची नक्कल करायची आणि पोस्टरवर तसं छापून घ्यायचं. त्याला एका मालकानं विचारलं, "तू कोणाचा आवाज?" तो म्हणाला, "माझा." मालकानं चहा पाजून परत पाठवलं. दुसऱ्यानं चहासुद्धा पाजला नाही. तिसऱ्याचा गायक ऐन गणपतीत पळून गेला होता, म्हणून याचा नंबर लागला.

तो पहिला कार्यक्रम मोंढ्यातल्याच मंडळाचा होता. पुढच्या खुर्च्यांवर सगळे व्यापारी, त्यात अप्पा. मोंढ्यातली जुनी माणसं अजून सांगतात की हा गायला लागला आणि दोन ओळींत अप्पा उठले. धोतर झटकलं आणि कडेनं न जाता बरोबर मधल्या वाटेनं, सगळ्यांना दिसेल असे, बाहेर गेले. त्या दिवसापासून बापानं नेमच धरला. हा अंघोळीच्या वेळी जरी गुणगुणला तरी ते ताटावरून उठायचे. भांडले नाहीत, मारलं नाही, घराबाहेर काढलं नाही. नुसते उठून जायचे. मी त्या घरात नांदले आहे, म्हणून सांगते, त्यापेक्षा काठी परवडली असती.

आमच्याकडं बिघडलेल्या पोराला डॉक्टरकडं नेत नाहीत, बोहल्यावर चढवतात. मी उदगीरची. वडलांचं किराणा दुकान, माझं डी.एड. झालेलं, शिक्षिका व्हायचं एवढं एकच खूळ डोक्यात. मध्यस्थ म्हणाला, "पोरगं जरा नादी हाय, पन लगीन झालं की सुधारंल. घर लई चांगलं हाय." घर चांगलं होतंच. मला औषधाच्या बाटलीसारखं त्या घरात आणून ठेवलं आणि सहा महिन्यांत गुण आला नाही म्हणून बाटलीलाच नावं ठेवायला सुरुवात झाली. "बायकोनं बांधून ठिवायला पायजे," असं अव्वा शेजारणीला सांगायच्या, मला ऐकू जाईल अशा बेतानं.

बांधणार कशानं? ऑर्केस्ट्राचा मालक त्याला स्टेजवर चढायच्या आधी स्वतःच्या हातानं पाजायचा. "गाडीला डिझेल लागतंच की वहिनी," असं मला निर्लज्जपणे म्हणाला होता. अहमदपूरच्या कार्यक्रमात डिझेल जास्त झालं. तो गाता गाता ड्रमवर कोसळला, पब्लिकनं आधी हसून घेतलं, मग दगड उचलले. जीपमध्ये घालून त्याला घरी आणलं तेव्हा भुवई फुटलेली होती आणि तोंडावर हसू. "वन्स मोअर झाला होता त्याआधी," एवढं म्हणून तो झोपला. मी त्याची भुवई पुसली आणि मनात म्हटलं, मर.

तो हात उचलायचा नाही. याचं मी कौतुक करावं असं घरात सगळ्यांना वाटे. मी केलं नाही. न मारणं हा काही पराक्रम नव्हे.

आणि तरीही, खोटं कशाला बोलू, तो गायला लागला की माझ्या अंगावर काटा यायचा. मलाही. सगळं माहीत असताना. चांगला गळा वाईट माणसाला मिळाला असता तर निदान हिशेब सरळ होता. तो वाईट नव्हता, त्याला फक्त टाळ्यांशिवाय दुसरं काही ऐकू येत नव्हतं. रागाचं खरं कारण ते होतं.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा गावाच्या अंगात आलं होतं. कागदाच्या एका शिक्क्यासाठी उस्मानाबादला हेलपाटे घालायचे बंद होणार, म्हणून कमानी, पताका, फटाके. मोठ्या मैदानावर समारंभ ठेवला. पुढारी, भाषणं, हार आणि मध्ये विरंगुळा म्हणून त्याचं एक गाणं. एकच, असं बजावलेलं. तो चार गायला. पाचवं सुरू केल्यावर स्टेजवरच्या कुणीतरी डोळ्यानं खुणावलं आणि माईक बंद झाला. तो दोन पावलं पुढं आला आणि तसाच गात राहिला, उघड्या गळ्यानं. मैदानाच्या पार टोकाला बायकांच्या घोळक्यात मी बसले होते. मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. पुढाऱ्याला हातातलं भाषण खिशात ठेवावं लागलं. लोक खुर्च्यांवर उभे राहिले.

व्यापाऱ्यांच्या रांगेतून एकच पांढरं धोतर उठून निघालं होतं. मी ते पाहिलं. गाता गाता त्यानंही पाहिलं. त्याचा सूर तिथं जरासा हलला, आणि पब्लिकला वाटलं की ही त्याची खास जागा आहे. त्यांनी त्या जागेवर शिट्ट्या मारल्या.

नव्या जिल्ह्याचं कौतुक फार दिवस टिकलं नाही, कारण पुढं पाऊसच आला नाही. विहिरींचे तळ दिसले. नळ आठवड्यातून एकदा फुसफुसायचा आणि तेवढ्यात बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. ऑर्केस्ट्रा बसला. प्यायला पाणी नाही, तिथं गाणं कोण ठेवतं? पण दुष्काळात एक माणूस फुगला, तो म्हणजे टँकरवाला. त्याचे टँकर दिवसरात्र फिरत होते आणि त्याला गाण्याचा शौक होता. घरात बारसं असो, जावळ असो, नवा टँकर घेतलेला असो, त्याला हा हवाच. बिदागीचं म्हणाल तर टँकरवाल्यानं साधा तोडगा काढला. हा गायला की दुसऱ्या दिवशी सकाळी एक टँकर आमच्या दारात.

पहिला टँकर आला आणि गल्लीचा रंग पालटला. "बेवड्याची बायको" म्हणून माझ्याकडं पाठ फिरवणाऱ्या बायका घागरी घेऊन उभ्या. "वैनी, जेवलात का?" "वैनी, किती वाळून गेलात ओ." समोरच्या म्हातारीनं तर कमाल केली. तिनं मला एकदा हळदीकुंकवालासुद्धा बोलावलं नव्हतं. ती म्हणाली, "तुमचे मालक म्हंजी देवमानूस हाय बगा. आज गायलेत न्हवं?" मी म्हटलं, आज घसा बसलाय, नाही गेले. तिचं तोंड घागरीपेक्षा रिकामं झालं. "आता गं माय," ती म्हणाली, "वाईच सुंठ द्या की मग."

सगळी गल्ली त्याला सुंठ देत होती. ज्येष्ठमध, मध, हळदीचं दूध. बरं वाटावं म्हणून नव्हे, उद्या गावं म्हणून. दुधाळ म्हशीलासुद्धा लोक इतक्या प्रेमानं पेंड घालत नाहीत. उन्हात, धुळीत, ट्रकच्या गॅरेजमध्ये, पत्र्याच्या मांडवात तो गात होता आणि वरून टँकरवाल्याची दारू. मी बंद करा म्हटलं की तो म्हणायचा, "गल्लीला पाणी मिळायलंय माझ्यामुळं." जसं काही त्याला गल्लीची फार पडली होती. टँकरवाला कडेला बसून "अजून एक" म्हणायचा, तेवढ्यासाठी तो जायचा. टँकरऐवजी त्यानं रिकामं पिंप पाठवलं असतं तरी हा गेला असता.

उन्हाळा सरता सरता एके सकाळी तो चूळ भरायला वाकला आणि चूळ लाल आली. मी त्याला बसमध्ये घातलं आणि नांदेडला घशाच्या डॉक्टरकडं नेलं. स्वरतंतूवर गाठ होती. ऑपरेशन झालं. डॉक्टर मला म्हणाले, "तीन महिने अजिबात आवाज नाही. बोलणं नाही, कुजबुज नाही, खाकरणं नाही. आत ओली जखम आहे. तीन महिने गप्प बसले तर पुन्हा गातील. नाहीतर नाही." त्याच्याकडं बघून म्हणाले, "जमेल?" त्यानं मान हलवली. पहिल्यांदाच मी त्याला घाबरलेलं पाहिलं.

त्याच आठवड्यात किनवटकडच्या एका आश्रमशाळेची मला ऑर्डर आली होती. डी.एड. होऊन इतकी वर्षं मी त्या कागदाची वाट पाहिली होती. मी संस्थेत जाऊन हात जोडले आणि रुजू व्हायची मुदत तीन महिने पुढं ढकलून घेतली. एवढा काळ घालवायचा, त्याचा गळा राखायचा आणि मग दोघांनी किनवटला जायचं. तिथं जंगल आहे, वसतिगृह आहे, ऑर्केस्ट्रा नाही आणि टँकरवालाही नाही. तो पोरांना गाणी शिकवील, मी अंकगणित शिकवीन. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्यानं खुणेनं पाटी मागितली आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'चालेल.' माझं सगळं आयुष्य त्या तीन महिन्यांवर टांगलेलं होतं आणि मला ते माहीत होतं.

घोटाळा पहिल्याच दिवशी झाला. आमच्याकडं श्रावणात मौन धरायची पद्धत आहे. पुष्कळ बायका धरतात. अव्वांना डॉक्टरचं सांगणं कळलं ते एवढंच, की पोरानं मौन धरलंय. त्यांनी त्याला न्हाऊ घातलं, विभूती लावली, देवासमोर बसवून संकल्प सोडला. गल्लीत बातमी गेली की टँकरवाल्याचा गवई आता मौनात बसलाय. आणि लोक पाया पडायला यायला लागले! काल गटारीत सापडलेला माणूस आज बोलत नाही म्हणून साधू झाला. एकीनं तर पोराला घेऊन येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवून घेतला. मी ओरडून सांगत होते की अहो, हे व्रत नाही, ही मलमपट्टी आहे. अव्वा म्हणाल्या, "तू गप ग. डाक्टरच्या तोंडून देवच बोलला आसंल."

पण एक कबूल केलं पाहिजे. ते दिवस माझ्या संसारातले एकुलते एक सुखाचे दिवस होते. दारू बंद, कारण कार्यक्रम बंद. तो सकाळी उठायचा, पाणी भरायचा, लसूण सोलायचा, पाटीवर लिहायचा. 'मीठ कमी.' 'तुझी वेणी चांगली.' अप्पासुद्धा त्याच्याबरोबर एका पंगतीत जेवायला लागले, कारण आता उठून जाण्यासारखं काही नव्हतं. बापलेक शेजारी बसून शांतपणे भाकरी कुस्करायचे. नवरा गप्प बसला की बाईला किती बरं वाटतं, हे मी माझ्या मैत्रिणींना सांगितलं तेव्हा त्या हसून लोळल्या. मी हसले नाही. मला तो आवडायला लागला होता.

दोन महिने झाले. तिसरा अर्ध्यावर आला. आणि अप्पा गेले. सकाळी पूजेला बसले, लिंग तळहातावर होतं आणि तसेच बाजूला कलले.

आमच्यात जाळत नाहीत, बसवून माती देतात. अप्पांना आंघोळ घातली, विभूती लावली, रुद्राक्ष घातले आणि बैठकीत भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं. पाठीमागं लोड, कपाळाला पट्टा बांधून मान सरळ केलेली. दुकानात बसायचे तसेच दिसत होते. थोरल्या नणंदेला बिदरहून यायचं होतं, तोवर माती करता येत नव्हती आणि तोवर भजन थांबवायचं नसतं. मठातली मंडळी सकाळपासून टाळ कुटत होती. उन्हानं आणि पाण्यावाचून त्यांचे गळे दुपारपर्यंत सुकले. भजन मंदावलं. माणसं दारातून आत बघत होती आणि पुटपुटत होती.

मग अव्वा उठल्या. कोपऱ्यात बसलेल्या त्याच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "लेकरा, तुझा बाप बसलाय आन् भजन पडायलंय. तू म्हन."

मी मध्ये पडले. "अव्वा, डॉक्टरांनी काय सांगितलंय? अजून जखम भरलेली नाही."

"भजन म्हंजी गानं न्हवं, पोरी. मौनात बी नाव घेता येतंय. नाव घेतल्यानं मौन मोडत न्हाई. मठात इच्यार कुनालाबी."

मठातले म्हातारे तिथंच होते. त्यांनी माना डोलावल्या. "नाव घ्यायला बाध न्हाई," एक जण म्हणाला. त्यांच्या शास्त्राप्रमाणं ते बरोबरच बोलत होते. व्रताला सवलत असते. जखमेला नसते. पण त्या खोलीत हे दोन वेगळे विषय आहेत असं समजणारी मी एकटी होते, आणि सुनेचं ऐकायला मेलेल्या माणसाच्या समोर कोण बसलंय?

मी त्याच्याकडं वळले. "अहो, पंधराच दिवस राहिलेत. किनवटला जायचंय आपल्याला." हे मी सगळ्यांसमोर म्हणाले, लाज न बाळगता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याला जखम माहीत होती. लाल चूळ त्यानंच टाकली होती. अव्वांसारखा तो भोळा नव्हता. त्यानं पाटी घेतली नाही. तो उठला, टाळकऱ्यांच्या मधून पुढं गेला आणि अप्पांच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल असा बसला.

सुरुवात भजनानंच झाली. लहानपणी मठात म्हणायचा तेच. अडीच महिने बंद असलेला आवाज, आधी चिरकला, मग लागला. बाहेरची कुजबुज थांबली. अव्वा रडायला लागल्या. दुसऱ्या कडव्याला मला कळलं की हे भजन राहिलेलं नाही. शब्द शिवाचे होते, पण तो स्टेजवरचं गाणं गात होता, ज्या ओरडण्यासाठी बाप उठून जायचा तेच, सगळं, काही न लपवता. टाळकऱ्यांचा ठेका सुटला. एकेकानं टाळ खाली ठेवले. तो डोळे उघडे ठेवून गात होता आणि अप्पांच्या तोंडाकडं बघत होता, पहिल्या रांगेतल्या माणसाकडं बघतात तसा.

अप्पा बसून होते.

लोक हुंदके देत होते. पोरगा बापासाठी रडायलाय, असं दारातला कुणीतरी म्हणाला. ते रडणं नव्हतं. त्याच्या तोंडावर मी जे पाहिलं त्याला आनंद म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या या गाण्याला त्याचा बाप समोर शेवटपर्यंत बसला होता. तो एक भजन संपवून दुसरं म्हणाला, आणि तिसरं. वरच्या सुराला गेला तेव्हा आवाज मधोमध फाटला, जुनं लुगडं फाटावं तसा. तरी थांबला नाही. फाटका गात राहिला. मी "पुरे!" म्हणून ओरडले आणि बायकांनी माझे दंड धरून मला स्वयंपाकघरात नेलं, दुःखानं वेडी झाली म्हणून. नणंद आली तेव्हाच तो थांबला. थांबला म्हणजे त्याच्या गळ्यातून आता काही निघतच नव्हतं.

नांदेडचे डॉक्टर आरसा घालून बघत राहिले आणि मग त्यांनी हात धुतले. "बोलता येईल," ते म्हणाले, "पण असंच." असंच म्हणजे खरखर, दाराची कडी घासावी तशी, चार पावलांच्या पुढं न पोचणारी.

अव्वा मला म्हणाल्या, "बापासाठी गेला आवाज. वाया न्हाई गेला." मी म्हणाले, "अप्पा जिवंतपणी एकदा बसले असते, तर मेल्यावर त्यांना ऐकवायची पाळी आली नसती." त्यानंतर मी त्या घरात होते तोवर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मला काही फरक पडला नाही. खरं ते मी बोलले होते आणि अजून बोलते.

आणि मग सत्कार सुरू झाले. पाऊस पडला होता, टँकरवाला आता निवडणुकीच्या तयारीत होता. त्यानं स्टेजवर त्याला शेजारी बसवलं आणि सांगितलं की या माणसानं गल्लीच्या पाण्यासाठी गळा दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, हा उठेल आणि त्या खरखरत्या आवाजात का होईना, नाही म्हणेल. तो हात जोडून उभा राहिला आणि वाकला. टाळ्या त्याच होत्या, आता गायचीही गरज उरली नव्हती. कधी शाळेत, कधी मंडळात, कधी साखर कारखान्यावर तो हार घालून बसायचा. दारू पुन्हा घरात आली. किनवटचं विचारलं की म्हणायचा, "पुढल्या महिन्यात. सोलापूरला बोलावलंय आधी."

किनवटच्या संस्थेनं शेवटची तारीख कळवली. मी एकटीनं ट्रंक भरली.

पुढं तो सात-आठ वर्षं जगला. अप्पांच्या आडतीवर त्यांच्याच गादीवर बसायचा, गिऱ्हाईकाला बोटांनी भाव दाखवायचा. त्याच्या मातीला मी आले होते, त्यालाही तसंच बसवलेलं होतं. भजनी मंडळ नेहमीचंच होतं. पेपरात आलं ते त्यानंतर.

पण माझ्यापुरता तो त्या सकाळी लातूरच्या स्टँडवर संपला. ट्रंक त्यानंच उचलून आणली. शिडीवरून टपावर चढवली, दोरीनं आवळली. सोलापूरच्या सत्काराला त्याला जायचं होतं, म्हणून अंगात कडक इस्त्रीचा सदरा होता. मी खिडकीशी बसले. ठरवलं होतं की त्यानं एकदा थांब म्हटलं तर विचार करायचा. एकदा, बस. पण तो खांबाला टेकून उभा राहिला, माझ्याकडं न बघता, येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कुणी ओळखतंय का ते बघत. कुणीतरी ओळखलंही. नमस्कार झाले.

गाडी सुरू झाली, मागं आली, वळली. तेव्हा त्याला काय झालं कोण जाणे. हातातली पिशवी टाकून तो गाडीमागं धावला. माझ्या खिडकीखाली आला आणि धावता धावता तोंड उघडून काहीतरी म्हणायला लागला. मानेच्या शिरा फुगल्या होत्या. सगळा जीव लावून ओरडत होता. इंजिन घरघरत होतं, पत्रा खडखडत होता, आणि त्याच्या तोंडातून माझ्यापर्यंत काहीही येत नव्हतं.

मागच्या सीटवरची बाई पुढं वाकली. "ओ बाई, तुमचे मालक काहीतर म्हनायलेत की. थांबवू का गाडी?"

मी कान देऊन ऐकलं. खरंच ऐकलं. मग म्हणाले, "नको. जाऊ द्या." आणि तो काय म्हणत होता, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.